लग्नाआधी फिलर घ्यायचं बहिणीनं ठरवलंय, मग घरच्यांचा विरोध नेमका कशाला?

मुठाकाठची
माझी धाकटी बहीण ५२ वर्षांची, बँकेत नोकरीला. डिसेंबरात तिच्या लेकीचं लग्न आहे. नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत तिला खोल घड्या पडल्यात, त्यांत फिलर, म्हणजे घडी भरून काढणारं जेलचं इंजेक्शन, घ्यायचं तिनं ठरवलंय. तेव्हापासून घरात एकच सूर: या वयात हे काय खूळ, लोक काय म्हणतील!

मला हा सूर अजिबात पटत नाही. पैसा तिचा, चेहरा तिचा. केसांना कलप लावला तर कुणी वय काढत नाही, दातांना कॅप बसवली तरी नाही. आणि फिलर म्हणजे काही अघोरी रसायन नव्हे. सध्या बहुतेक ठिकाणी हायलुरोनिक ॲसिडचं जेल वापरतात. हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत मुळातच असतो. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी तो गाईच्या डोळ्यातून वेगळा काढला. आता तो जिवाणूंच्या मदतीनं तयार करतात. पूर्वी गाईच्या कोलॅजेनची (त्वचेतल्या प्रथिनाची) इंजेक्शनं असत, त्याआधी ॲलर्जीची चाचणी करावी लागे. अमेरिकेत २००३ मध्ये हायलुरोनिक फिलरला मान्यता मिळाली आणि कोलॅजेन मागे पडलं.

घरच्यांनी तिला दोनच गोष्टी विचाराव्यात: सुई कोण टोचणार, आणि सिरिंजमध्ये काय असणार. वयाचा इथे काय संबंध?

स्पष्टच_सांगतो
ताई, मी विरोधात आहे, आणि ‘लोक काय म्हणतील’ म्हणून नव्हे. मी हिंजवडीत काम करतो. तिथे चाळिशीच्या आतल्या बायकांना ‘थकलेली दिसतेस’ असं तोंडावर ऐकवतात. त्यांच्याच वयाच्या पुरुषाच्या सुरकुत्यांना मात्र अनुभव म्हणतात. मग ती बाई क्लिनिकमध्ये जाते आणि आपण म्हणतो, तिची मर्जी. लेकीच्या लग्नात आईनं तरुण दिसावं ही अपेक्षा आली कुठून? कलपाशी तुलनाही चुकीची आहे. कलपानं कुणाची दृष्टी गेल्याचं मी ऐकलं नाही, फिलरनं गेल्याचं ऐकलंय.

नळस्टॉप
मला खर्चाचं बोलायचंय. माझ्या मावसबहिणीला कर्वे रोडच्या परिसरात एका सिरिंजला वीस हजारांच्या वर सांगितले. सिरिंज १ मिलीची, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. वर जीएसटी, कारण निव्वळ सौंदर्यासाठीच्या उपचाराला आरोग्यसेवेची सूट नाही. विमाही हा खर्च देत नाही. परिणाम साधारण सहा महिने ते दीड वर्ष. ती गेली होती घड्यांसाठी, तिथे तिला ओठ, हनुवटी, डोळ्यांखालचे खड्डे असं सगळं मोजून दाखवलं. घरी येऊन आरशासमोर रडली. त्याआधी तिला हनुवटीबद्दल काहीच वाटत नव्हतं. मुठाकाठची, तुमच्या बहिणीबरोबर तुम्ही स्वतः जा, एवढंच सांगेन.

त्वचावैद्य_औंध
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, फिलर देते. दृष्टीचा मुद्दा वर आलाच आहे, तर तो नीट सांगते, कारण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना तो कुणी सांगितलेलाच नसतो.

ज्या घडीबद्दल इथे चर्चा चालू आहे, तिच्या अगदी जवळून चेहऱ्याची मोठी धमनी जाते. जेल धमनीत गेलं तर पुढच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती काळी पडून मरू शकते. या धमनीच्या शाखा डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. दाबामुळे जेल उलटं सरकत तिथपर्यंत पोहोचलं तर दृष्टी जाते, आणि ती बहुधा परत येत नाही. भुवयांमधली जागा आणि नाक इथे हा धोका सर्वांत जास्त. असं क्वचितच घडतं, पण अनुभवी डॉक्टरच्या हातूनही घडू शकतं. सुईऐवजी बोथट टोकाची बारीक नळी (कॅन्युला) वापरल्यानं धोका कमी होतो, संपत नाही.

म्हणून टोचताना किंवा नंतर त्वचा एकदम पांढरी पडली, जाळीसारखे निळसर डाग उठले, दुखणं वाढत गेलं, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम त्याच वेळी टोचून जेल विरघळवावं लागतं. ते क्लिनिकमध्ये आत्ता आहे का, हे आधीच विचारा. प्रश्न टाळला तर तिथून उठा. आणि ते फक्त हायलुरोनिक जेलवर चालतं. कॅल्शियमचे किंवा कायमस्वरूपी फिलर त्यानं विरघळत नाहीत, म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्यांना मी ते देतच नाही.

पार्लरमध्ये सुईशिवाय ‘पेन’नं फिलर देतात, ते कृपया घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं) २०२१ मध्ये त्याविरुद्ध इशारा दिलाय. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. खोक्यावरचं नाव, बॅच नंबर आणि मुदत पाहून फोटो काढून ठेवा.

स्पष्टच_सांगतो
डॉक्टर, एवढं वाचून माझा विरोध वाढलाच. केवळ दिसण्यासाठी एवढी जोखीम? आपल्याकडच्या बायका स्कूटरवर तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, सुरकुत्यांवर तोच खरा उपाय आहे.

त्वचावैद्य_औंध
स्कार्फ, सनस्क्रीन आणि सिगारेट सोडणं यांना मी पहिलं स्थान देते. उन्हानं होणारं नुकसान त्यानं टळतं. पण पडून गेलेली खोल घडी भरत नाही. बारीक रेषांना ट्रेटिनॉइन क्रीम काही महिन्यांत थोडा फरक करतं (गरोदरपणात नको).

मुठाकाठची
स्पष्टच_सांगतो, दबावाबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्याचं उत्तर माझ्या बहिणीला घरात गुन्हेगारासारखं वागवणं नाही. ऑफिसात बोलणाऱ्यांना थांबवा, मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या मताप्रमाणे कपडे घातले, नोकरीतली बढती नाकारली. आता सगळा धोका समजून घेऊन ती ‘हो’ म्हणाली तर ते मी ऐकणार, ‘नाही’ म्हणाली तरी ऐकणार.

डॉक्टर, ती रक्त पातळ करण्याची गोळी घेते आणि नोव्हेंबरात तिचं रूट कॅनाल आहे. चालेल का?

त्वचावैद्य_औंध
गोळी स्वतःहून बंद करू नये, हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं. त्या गोळीमुळे काळंनिळं जास्त पडतं. दातांच्या कामापासून दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, जंतुसंसर्गाची भीती असते. म्हणजे घ्यायचंच तर ऑक्टोबरात. सूज उतरायला आणि कमीजास्त दुरुस्त करायला वेळ मिळेल. लग्नाच्या आठवड्यात घ्यायला आली तर मी नाहीच म्हणेन.