मदत हवी आहे : वापरलेला स्ट्रट स्प्रिंग कॉम्प्रेसर घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीजवळ राहतो. आमच्या छोट्या पेट्रोल गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने पावसाळ्यापासून प्रत्येक खड्ड्यात धडधड आवाज येतो, शॉकअपवरून तेल ओघळलेले दिसते आणि वरच्या माउंटिंगचे रबरही फाटले आहे. कणकुंबीकडे रोजचे जाणे-येणे असल्यामुळे पुढचे दोन्ही शॉकअप एकदमच बदलायचे ठरवले आहे. स्प्रिंगा मात्र चांगल्या आहेत, त्यांवर ना तडा ना खोल गंज, त्यामुळे त्या जुन्याच ठेवायच्या आहेत. स्ट्रट म्हणजे शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग एकत्र, आणि ती सोडवताना स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर हवा आहे.

बेळगावच्या उद्यमबागेत जुनी हत्यारे विकणाऱ्या एका दुकानात असा जोड मिळतो आहे. त्यात लांब आट्यांच्या २ सळ्या आहेत, प्रत्येक सळीवर वर एक आणि खाली एक असे हुक आहेत, आणि किंमत ९०० रुपये सांगितली आहे. घेण्यापूर्वी मी तिथेच उभा राहून तो नीट पाहिला. एका सळीवर नट बोटांनी सरसर फिरतो, पण मध्यावर आला की चार-पाच आटे अडतो आणि पुढे पुन्हा मोकळा होतो. दुसऱ्या सळीच्या खालच्या हुकावर, नेमक्या बाकाच्या जागी, ताजा काळा रंग दिसला. तो नखाने खरवडल्यावर ग्राइंडरच्या चकचकीत रेघा आणि त्यांखाली वेल्डिंगची गाठ लागली. हुकांच्या ४ लॉक पिनांपैकी २ नाहीत.

घरी येऊन मी हिशोब मांडला. स्प्रिंगचा ताठपणा मिलिमीटरला २० न्यूटन धरला आणि ती मोकळ्या लांबीपासून १५० मिलिमीटर दाबली, तर तिचा जोर ३००० न्यूटन, म्हणजे ३०० किलोच्या आसपास होतो, आणि तिच्यात २२५ ज्यूल ऊर्जा साठते. १० किलोचे वजन सुमारे २.३ मीटरवरून अंगावर पडावे तेवढी. कामाच्या वेळी टॉर्च धरायला माझा पुतण्या शेजारी असतो, म्हणून मला अंदाजावर चालायचे नाही. अडणारा नट ग्रीस लावून चालेल का? वेल्डिंग केलेला हुक एखाद्या वर्कशॉपमध्ये तपासून घेता येईल का? आणि जोड चांगला असेल तर वापरण्याची योग्य पद्धत कोणती?

प्रतिसाद :

नमस्कार. आपण नट पूर्ण लांबीभर फिरवून पाहिलात हे फार चांगले केलेत, कारण पुष्कळ जण फक्त रंग आणि गंज पाहून हत्यार घेतात. नट मध्यावरच अडतो याचा अर्थ सरळ आहे. स्प्रिंग पूर्ण दाबलेली असताना नट त्याच पट्ट्यात असतो, म्हणजे भार तिथेच आला आणि आटे तिथेच ताणले गेले किंवा सोलले गेले. हवेच्या गनने सळी फिरवली की आटे तापून असेच एकमेकांना धरतात. ग्रीस लावल्याने नट फिरेल, पण गेलेली ताकद परत येणार नाही.

हुकाबद्दल तर माझे मत ठाम आहे. असे हुक घडीव पोलादाचे असतात आणि त्यांना पाणी दिलेले, म्हणजे तापवून-थंड करून मजबूत केलेले, असते. वेल्डिंगची आच लागली की आजूबाजूचे पाणी उतरते, किंवा जोडाच्या कडेला पोलाद ठिसूळ होते. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये लाल डाय मारून पृष्ठभागावरचा तडा शोधता येतो. उतरलेले पाणी त्या डायला दिसत नाही. मी वर्षानुवर्षे टूलरूममध्ये काम केले आहे आणि हा जोड मी फुकटसुद्धा घेणार नाही.

चांगला जोड मिळाला तर आट्यांना ग्रीस लावा आणि दोन्ही सळ्या स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर बसवून पिना अडकवा. मग हातपान्यानेच एकदा ही, एकदा ती अशा प्रत्येकी दोन-तीन फेऱ्या द्या. एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग वाकते आणि हुक घसरतो, म्हणून दर वेळी थांबून सळ्या समांतर आहेत का ते पाहा. स्प्रिंग तिचे टोक बसते त्या वरच्या वाटीत हाताने हलू लागली की तिथेच थांबायचे, वेटोळी एकमेकांना टेकेपर्यंत आवळायचे नाही. स्प्रिंग अशी मोकळी झाल्याशिवाय मधल्या नटाला, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरच्या वरच्या नटाला, पाना लावू नका. आजवर या कामात जे अपघात पाहिले, ते बहुतेक याच घाईने झाले. स्प्रिंगच्या टोकांच्या रेषेत स्वतःही उभे राहू नका आणि पुतण्यालाही राहू देऊ नका. दाबलेली स्प्रिंग रात्रभर तशीच ठेवू नका. जोडताना स्प्रिंगचे टोक वाटीतल्या पायरीला टेकले पाहिजे आणि मधला नट नवा घालून तो मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळला पाहिजे.

खरे सांगायचे तर आपल्याला हे काम वर्षातून एकदाही करायचे नाही. स्ट्रट घरी सोडवून बेळगावात घेऊन या. भिंतीला किंवा स्टँडला बसवलेला कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये फक्त जुनी स्प्रिंग नव्या शॉकअपवर चढवून देण्याची मजुरी घेतात. व्हील अलाइनमेंटसाठी गाडी इकडे आणावीच लागणार आहे.

मूळ प्रश्नकर्ता :

आपले मनापासून आभार. पाणी उतरण्याची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. जोड घेणार नाही असे दुकानदाराला कळवले आहे, आणि तो हुक वेल्डिंग केलेला असल्याचे पुढच्या गिऱ्हाइकाला सांगा, अशी विनंतीही केली आहे. येत्या रविवारी गाडी दोन्ही बाजूंनी पक्क्या स्टँडवर घेऊन दोन्ही स्ट्रट सोडवीन आणि बसने बेळगावला आणीन. आता एकच शंका उरली आहे. स्ट्रट काढल्यावर हब (चाक ज्यावर बसते तो भाग) बाहेरच्या बाजूला कलंडतो, तेव्हा ब्रेकच्या रबरी पाइपवर ताण येऊ नये म्हणून हब तारेने कुठे बांधणे योग्य ठरेल?