अनुभव धागा: दुसऱ्या रीतीच्या लग्नात तुमच्या हाती आलेलं काम

अक्षता टाकून, जेवून घरी येणं वेगळं आणि विधीला आपला हात लागणं वेगळं. रीत खरी कळते ती हात लागल्यावरच, असं माझं मत आहे. पुण्यात तमिळ, बंगाली, सिंधी, सगळ्यांची आमंत्रणं आपल्याला येतात. अशा लग्नात तुम्ही काय काम केलंत? वाचलेलं नको, केलेलं लिहा.

सुरुवात मी करते. भावानं तमिळ मुलगी केली. करवलीनं कऱ्हा घेऊन मागे उभं राहायचं, एवढंच मला ठाऊक. आदल्या संध्याकाळी वहिनीच्या आत्या म्हणाल्या, "तालीची पहिली गाठ नवऱ्याची, पुढच्या दोन नणंदेच्या." ताली म्हणजे त्यांचं मंगळसूत्र. सकाळी वहिनी वडिलांच्या मांडीवर बसलेली. मानेवर गजरेच गजरे, त्याखाली हळदीत भिजवलेला पिवळा दोरा. भावानं पहिली गाठ मारली आणि नादस्वरम (त्यांची सनई) आणि तविल (ढोल) असे कडाडले की शेजारचं बोलणं ऐकू येईना. त्या क्षणी शिंक किंवा अभद्र शब्द कानी पडू नये म्हणून ते मुद्दाम जोरात वाजवतात. दोरा ओलसर, बोटं पिवळी झालेली. मी गजरे बाजूला धरले, वहिनीनं मान खाली घेतली आणि दोन्ही गाठी घट्ट बसल्या. सुनेला घरात घेताना नणंदेवर एवढा विश्वास टाकणारी ही रीत मला फार आवडली.

हिंजवडीहून
ऑफिसातल्या बंगाली मैत्रिणीचं लग्न. तिचा एक मावसभाऊ वेळेत पोचला नाही, म्हणून पाटाचा एक कोपरा माझ्याकडे आला. नवरीला पाटावर बसवून, उचलून नवऱ्याभोवती सात फेरे घालायचे. ती विड्याची पानं चेहऱ्यापुढे धरून बसते. फेरे संपले की पानं दूर करते, ती शुभदृष्टी. आपल्याकडे अंतरपाट भटजी धरायला लावतात. इथे आडोसा नवरीच्याच हातात, तो कधी काढायचा तेही तीच ठरवते.

शिवाजीनगरहून
मैत्रिणीचं आंतरधर्मीय लग्न, 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली. 30 दिवसांची नोटीस, मग तीन साक्षीदार. त्यातली एक सही माझी. मला तोही विधीच वाटला.

रास्ता पेठेतून
आम्ही बेने इस्रायल, म्हणजे इथले ज्यू, घरी मराठीच बोलतो. मी उलट बाजूनं लिहिते. माझं लग्न कॅम्पातल्या लाल देवळात झालं, म्हणजे 1867 च्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगमध्ये. घरी एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताच्या नावानं मलिदा, म्हणजे नारळ घातलेले गोड पोहे, केला, तेव्हा शेजारच्या काकूंनी मांडी घालून सगळे नारळ खवून दिले. मेंदीच्या गाण्यांनाही त्याच पुढे.

हडपसरहून
वेगळी रीत आपल्याच गावात आहे, म्हणून लिहितो. सत्यशोधक समाजाची स्थापना पुण्यात 1873 च्या सप्टेंबरात झाली आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. भाचीनं तसंच लग्न केलं. भटजी नाहीत, महात्मा फुल्यांची मंगलाष्टकं नवरानवरी एकमेकांना उद्देशून म्हणतात. आमच्या मावशी ऐन तारुण्यात विधवा झाल्या. घरातल्या प्रत्येक हळदीला त्या मागच्या खोलीत, पुऱ्या लाटायला. भाचीनं मला एकच काम सांगितलं: मावशींना हाताला धरून मंचावर आणायचं. वधूवरांच्या हाती हार त्यांनीच दिले. आधी "मला नको रे बाबा" म्हणत होत्या, वर गेल्यावर मात्र खाली उतरायला तयार नव्हत्या. पुढच्या प्रत्येक कार्यात त्यांना पहिला मान द्यायचा, हे आम्ही भावंडांनी ठरवून टाकलं आहे.

कोथरूडहून
रास्ता पेठवाल्या ताई, मलिद्याला पोहे जाडे की पातळ?

रास्ता पेठेतून
जाडेच. पातळ्यांचा लगदा होतो. भिजवून, निथळून मोकळे करा, ओला नारळ हात न आखडता घाला, मग साखर, वेलची, सुकामेवा. बरोबर फळं हवीतच.