मदत हवी आहे: जुन्या वायरिंगवर नवा ओव्हन चालेल का?

नमस्कार मंडळी. आमचं घर पुण्यात सदाशिव पेठेत, इमारत 1974 सालची. आईच्या पंच्याहत्तरीला मी 2800 वॅटचा ओव्हन आणलाय. नानकटाई घरीच भाजायची तिची फार जुनी हौस आहे. पण खोकं अजून तसंच पडून आहे, कारण वायरिंगची भीती वाटतेय.

लाकडी पट्टीवरून गेलेली ॲल्युमिनियमची वायर, मीटरजवळ चिनी मातीचे फ्यूज. परवा मेन स्विच बंद करून स्वयंपाकघरातला बोर्ड उघडला, तर वायरचं रबर नखानं टोकरताच भुगा होऊन खाली पडलं. तिथल्या 16 अँपिअरच्या सॉकेटला तिसरं भोक आहे, पण मागे अर्थिंगची वायरच नाही! त्यावर इतकी वर्षं मिक्सर चालत होता, या विचारानं अंगावर काटा आला.

ओव्हन 230 व्होल्टवर साधारण 12 अँपिअर घेणार, तोही तासभर सलग. वायरमन म्हणतात, "गीझरच्या लाइनवरून जोडून देतो, काही होत नाही." मला ते पटत नाही. मीटरपासून 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र लाइन, 20 अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) घ्यावा असं वाटतंय. हे पुरेसं आहे का? इमारतीचं अर्थिंग शाबूत आहे की नाही, हे कोणाकडून तपासून घ्यायचं? वीज कंपनीकडचा आमचा मंजूर भार 2 किलोवॅटच आहे, तो आधी वाढवावा लागेल ना?

जुन्या घरात हे काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. आई रोज विचारतेय.