उत्तर: गळती म्हणजे फक्त मशीन मंदावणं?

वर कुणीतरी म्हटलंय की कर्नलमधली (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली) मेमरी गळती, म्हणजे घेतलेली मेमरी परत न करणं, ही फार तर मशीन मंद करते, रीबूट केलं की झालं, तिला सुरक्षेची त्रुटी कशाला म्हणायचं? लिनक्समधली सीव्हीई-२०१६-०७२८ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटीचा जाहीर नोंद-क्रमांक) बघा.

कीरिंगच्या (कर्नलमधल्या गुप्त किल्ल्यांच्या जुडग्याच्या) कोडमध्ये प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) स्वतःचीच सेशन कीरिंग पुन्हा जोडायला सांगितली, की संदर्भ-मोजणी (ती वस्तू किती ठिकाणी वापरात आहे तो आकडा) एकाने वाढायची आणि परत कमी व्हायचीच नाही. वरवर साधी गळती. पण ती मोजणी ३२ बिटांची, म्हणजे तिला कमाल मर्यादा आहे. तेच तेच करत राहिलं की ती फिरून शून्यावर येते, कर्नल ती वस्तू मोकळी करतं, आणि तिचा पत्ता धरून बसलेला पॉइंटर मात्र जिवंत! तिथून साध्या युजरला रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा. हे कर्नल ३.८ पासून, म्हणजे जवळपास ३ वर्षं, पडून होतं. दुरुस्ती? 'गोटू'च्या (कोडमधल्या उडीच्या) आधी 'की_पुट'ची, म्हणजे मोजणी एकाने कमी करणारी, एक ओळ. बस्स.

माझ्या मते बहुतेक गळत्या अशाच, काही बिनसलं की कोड जिथून बाहेर पडतो त्या वाटेवर सापडतात. सरळ वाटेचा कोड सगळेच तपासतात. २०१७ मध्ये कर्नल ४.११ ला आलेला 'रेफकाउंट_टी' (संदर्भ-मोजणीसाठीचा खास प्रकार) कमाल मर्यादेला अडकून बसतो, फिरत नाही. म्हणजे गळती राहते, पण तिचं हत्यार होत नाही.

गळती शोधायला कर्नलमधलं 'केमेमलीक' आहेच (२.६.३१ पासून), पण ते ज्याच्याकडे एकही पॉइंटर उरला नाही तेच दाखवतं. वरची कीरिंग वापरातच होती, त्यामुळे ती त्याच्या नजरेत आलीच नसती.