जुना छोटा ट्रॅक्टर किंवा गवत कापायची गाडी थेट मालकाकडून घेतलीय? अनुभव लिहा

चोपडा तालुक्यात आमची सहा एकर केळी आहे. आंतरमशागतीला आतापर्यंत बैलजोडी होती. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं, साल संपलं, तो पुन्हा राहिला नाही. दुसरा मिळेना, म्हणून जोडीही विकावी लागली. आता ओळीत चालेल असा २०-२५ एचपीचा छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय. नवा झेपणार नाही आणि दलालाकडून घ्यायची इच्छा नाही, म्हणून थेट मालकाकडूनच जुना बघतोय. माझे आजोबा बैल घेताना जबडा उघडून दात मोजायचे. दोन दाती, चार दाती, जुळलेला, सगळं तोंडातच कळायचं. ट्रॅक्टरचं वय कुठे बघायचं ते मला नीट कळत नाही. ज्यांनी असा व्यवहार केलाय, फसले किंवा चांगलं निघालं, त्यांनी सविस्तर लिहा. लॉनचं मशीन, पॉवर टिलर, काहीही चालेल.

रावेर

भाऊ, केळीवाल्याचा पहिला प्रश्न इंजिनाचा नसतो, रुंदीचा असतो. आमची लागवड ५ बाय ५ फुटांवर. मी सावद्याजवळ एक २४ एचपीचा बघायला गेलो तेव्हा टेप घेऊन गेलो होतो. मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं, मग रोटाव्हेटर मोजला. ट्रॅक्टर बसत होता, पण त्याच्यासोबत मालक देत होता तो रोटाव्हेटर टायरच्याही बाहेर जात होता. म्हणजे पहिल्याच फेरीत घडाला टेकू दिलेले बांबू गेले असते. रोटाव्हेटर सोडून नुसत्या ट्रॅक्टरचा सौदा केला.

दुसरं, न सांगता सकाळी सहाला जा. मी पोचलो तेव्हा मालक गोठ्यात होता. मी आधी बॉनेटवर आणि सायलेन्सरवर हात ठेवला, गार होतं. मग म्हटलं, काका, आता सुरू करा. दुसऱ्या सेल्फला उठला, थोडा पांढरा धूर आला आणि दोन मिनिटांत गेला. आधीच्या आठवड्यात एका ठिकाणी मी पोचायच्या आत ट्रॅक्टर गरम करून ठेवला होता, तिथून तसाच परत फिरलो. इंजिन तापल्यावरही निळा धूर येत राहिला तर ऑइल जळतंय, काळा आला तर आधी एअर फिल्टर बघा.

तीन वर्षं झाली, क्लच प्लेट सोडून काही केलं नाही. विकणारे काका अजून भेटले की विचारतात, कसा चालतोय म्हणून.

अमळनेर

मला कागदाने मारलं. इंजिन सोळा आणे होतं. मालक मामांच्या ओळखीचा. आरसीवर फायनान्सचा बोजा दिसत होता. तो म्हणाला, कर्ज फिटलंय, फक्त एनओसी आणायचीय. "काळजी करू नको भाऊ, आठ दिनमा कागद दी देसू." मी ५० हजार इसार दिला, पुढच्या गुरुवारी उरलेले २ लाख १० हजारही देऊन टाकले आणि ट्रॅक्टर घरी आणला.

ऐन पेरणीत दोन माणसं शेतावर आली. हप्ते थकलेत, गाडी न्यायला आलोय म्हणाले. चार एकर कापूस लावायचा बाकी, पाऊस झालेला, आणि ट्रॅक्टर बांधावर उभा. आईने त्यांना पाणी दिलं आणि कोपऱ्यात जाऊन रडली, ते मी विसरू शकत नाही. शेवटी थकबाकी आणि दंड मिळून ४६ हजार मीच भरले. ते पैसे आजपर्यंत परत आले नाहीत.

म्हणून सांगतो. बोजा असेल तर मालकाला सोबत घेऊन फायनान्सच्या शाखेत जा, उरलेली रक्कम त्याच्या कर्जखात्यातच भरा, आणि नो ड्यूज आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्यावरच बाकीचे द्या. नाव करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, त्यावर मालकाची सही आपल्यासमोर घ्या. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की फायनान्स आणि विमा दिसतो, ते घरातूनच बघून निघा.

धुळे

माझं थोडं वेगळं आहे, ट्रॅक्टर नाही, बसून चालवायचं गवत कापायचं मशीन. महामार्गालगत आमचं लग्नाचं लॉन्स आहे, अडीच एकर हिरवळ. पावसाळ्यात दोन माणसं खांद्यावरच्या ब्रश कटरने तीन-तीन दिवस कापायची, आणि तिसऱ्या दिवशी पहिली बाजू पुन्हा वाढलेली. नाशिककडच्या एका फार्महाऊसवाल्या गृहस्थांकडे पेट्रोलवरचं, ४२ इंची डेकचं (डेक म्हणजे पाती झाकणारं खालचं पत्र्याचं कवच) मशीन होतं. मुलगा परदेशी गेला, दोन वर्षं शेडमध्ये पडून होतं.

वरून नव्यासारखं. रंग चकाकत होता, सीट फाटलेली नाही. आमचा वेल्डर सोबत होता, तो म्हणाला खालून बघू. चार विटांवर पुढची बाजू चढवली आणि तो आडवा झाला. डेकच्या आत वाळलेल्या गवताचा बोटभर थर बसलेला. त्याने पेचकसने तो थर खरवडला आणि एका ठिकाणी पेचकस पत्र्याच्या आरपार गेला. ओलं गवत आत तसंच राहिलं की पत्रा आतून खातो, वरच्या रंगाला पत्ताही नसतो. मग पाती हाताने हलवून पाहिली. तीनपैकी एक वर-खाली खेळत होती, म्हणजे स्पिंडलचं, पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याचं, बेअरिंग गेलेलं. टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलला वार्निशसारखा वास. कार्ब्युरेटर चिकटलेला असणार हे तिथेच कळलं.

हे सगळं त्या गृहस्थांना दाखवलं. ते भले होते, त्यांनाही माहीत नव्हतं. ठरलेल्या किमतीतून १८ हजार त्यांनी स्वतःहून कमी केले.

एक गोष्ट मात्र घरी आणल्यावर लक्षात आली. या मशीनच्या सीटखाली एक स्विच असतो. पाती फिरत असताना माणूस सीटवरून उठला की इंजिन बंद पडायला हवं. कार्ब्युरेटर साफ करून सुरू केलं, मी उठलो, आणि पाती फिरतच राहिली. कोणीतरी दोन वायरी जोडून स्विच बायपास केला होता. आमच्याकडे कामगारांची लहान मुलं हिरवळीवर खेळतात. त्या दिवशी ते मशीन बाहेर काढलंच नाही, दोनशे रुपयांचा स्विच बसवला आणि मगच वापरलं. कोणीही असं मशीन बघायला गेलात तर किल्ली फिरवल्यानंतरची पहिली तपासणी हीच करा.

बेअरिंगवरचा नंबर वाचून तसंच बेअरिंग धुळ्यातच मिळालं, पट्टाही मापाचा मिळाला. गिअर नसून पायडलवर चालणारं असेल तर अर्धा तास चालवून बघा. ऑइल तापल्यावर चढावर दम सोडला तर आतला पंप थकलाय, आणि तो खर्च मोठा आहे. शिवाय याला आरसी नसते, म्हणून मूळ बिल, इंजिन नंबर घालून लिहिलेली पावती आणि विकणाऱ्याच्या आधारची प्रत घ्या.

आता अडीच एकर एका सकाळी होतं. फक्त कापायच्या आधी मांडवाचे खिळे वेचायला माणूस फिरवतो, खिळा पात्यात आला तर गोळीसारखा उडतो.

भडगाव

गिरणेच्या काठी राहतो म्हणून एवढंच. मागे ट्रॉली जोडायच्या हूकचं भोक बघा. गोल असेल तर ट्रॅक्टर शेतात राहिलाय. लांबट झालं असेल तर तो वाळू ओढून आलाय, मग अवर मीटर (इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा) ९०० दाखवो की ६००. मीटरची केबल काढून ठेवता येते, पण क्लचच्या पायडलचं रबर गुळगुळीत झालेलं लपत नाही. टायरवर चार आकडे असतात, ३२१७ म्हणजे २०१७ सालचा ३२वा आठवडा. ट्रॅक्टर २०१५ चा, मीटर ७०० तास आणि टायर २०१७ चे असतील तर पहिले टायर ७०० तासांच्या आत संपले कसे, ते विचारा. आणि वाळूच्या गाडीवर तहसीलचा दंड बाकी आहे का ते कार्यालयात जाऊन विचारा. आमच्या गल्लीत एकाने न विचारता घेतला, तो अजून खेटे मारतोय.

एरंडोल

मी विकणाऱ्याच्या घरातली मुलगी म्हणून लिहितेय. बाबांनी २०१९ साली ट्रॅक्टर विकला. पैसे पूर्ण मिळाले, फॉर्मवर सह्या करून दिल्या, घेणारे दादा म्हणाले नाव करून घेतो. बाबांनी विश्वास ठेवला. दोन वर्षांनी त्या ट्रॅक्टरखाली एका मोटारसायकलवाल्याचा पाय गेला. विमा संपलेला, आरसीवर नाव बाबांचं. नोटीस आमच्या दारात आली. कागदावर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात म्हटलेलं आहे, ते वकिलांनी दाखवलं. बाबा ७१ वर्षांचे आहेत, तारखेला जाताना काठी घेऊन जातात.

घेणाऱ्यांनो, नाव ३० दिवसांच्या आत करायला टाका, वर्षभर ठेवू नका. विकणाऱ्याने गाडी दिली म्हणजे तो सुटला असं होत नाही.

शहादा

खेतियाकडून, म्हणजे एमपीचा घेतला. दहा-पंधरा हजार स्वस्त पडतो हे खरं, पण तिकडच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, हे मालकानेच आणून द्यायचं असं आधी लिहून घ्या. माझे पाच महिने त्यातच गेले.

जामनेर

मी फिटर आहे, २२ वर्षं हेच करतो. दोन गोष्टी बघितल्याशिवाय इसार देऊ नका. ऑइलची दांडी काढा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय, तिथे मोह करू नका, ते हाफ इंजिनाचं काम निघतं. दुसरं, मागे नांगर अडकवून वर उचला, इंजिन बंद करा आणि मालकाशी चहा प्या. चहा संपेपर्यंत नांगर जमिनीला टेकला तर हायड्रॉलिकचं काम आहे. पुढची चाकं उचलून हलवा, बुश आणि किंग पिनचा खेळ हाताला लागतो.

आणि भाव बोलताना हे लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. नवा स्वस्त झाला, तरी जुन्याचे मालक अजून आधीच्या हिशोबाने किंमत सांगतात. त्यांना नव्याचं कोटेशन दाखवा. अनुदानावर घेतलेला असेल तर अमुक वर्षं विकायचा नाही अशी अट असते, तो हमीपत्राचा कागदही मागा.

चोपडा

सगळ्यांचे मनापासून आभार. एरंडोलच्या ताई, तुमच्या बाबांचं वाचून आमच्या घरात सगळे गप्प बसले होते. फैजपूरजवळ एक २७ एचपीचा बघितलाय, मालक स्वतः केळीवाले आहेत, सात वर्षं एकच हात. नंबर ॲपवर टाकला, बोजा दिसत नाही. रविवारी पहाटे चारला निघतोय, टेप आणि दांडी पुसायला पांढरं फडकं घेतलंय. जामनेरचे दादा, तुम्ही त्या बाजूला असाल तर या, भाड्याचं आणि तुमच्या रोजाचं मी बघतो.