मदत हवी आहे: घरामागच्या रुळांवरची गँग आणि शेवटची आल्को इंजिनं, फोटो कसे काढू?

नमस्कार मंडळी,

मी वाठार स्टेशनचा, पुणे-मिरज लाईनवर. घरामागच्या बांधावर उभं राहिलं की समोर रूळ दिसतात. वडील गँगमन (रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीतले, म्हणजे गँगमधले कामगार) म्हणून लागले आणि कीमन म्हणून रिटायर झाले, रोज पाना आणि हातोडा घेऊन स्वतःची बीट (नेमून दिलेला रुळांचा टप्पा) चालत जायचे, रूळ पकडून ठेवणारी चावी ढिली झाली असेल तर ठोकायची, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट बघायचे, रूळ कुठं तडकलाय का बघायचं आणि परत यायचं. आता त्यांचे गुडघे गेलेत, रुळांपर्यंत जाणं होत नाही. त्यांच्यासाठी एक अल्बम करायचा म्हणून वर्षभर फोटो काढतोय आणि काही ठिकाणी पार अडकलोय, म्हणून हा धागा.

मला दोन गोष्टी एकत्र हव्यात, रुळांची देखभाल आणि आल्को इंजिनं (मूळ अमेरिकन डिझाइनची डिझेल इंजिनं). कारण आमच्याकडं त्या वेगळ्या नव्हत्याच. लोणंद सोडलं की सालपे, आदर्की करत गाडी घाट चढते, आणि वडील सांगतात की डब्ल्यूडीएम-२ (त्यातलंच एक आल्को इंजिन) चढायला लागलं की आवाज इतका लांबून यायचा की गँगचा मुकादम शिट्टी ऐकायच्या आधीच पहारी, घमेली बाजूला घ्यायला सांगायचा. ड्रायव्हरनं नॉच वाढवला की आवाज बदलतो (नॉच म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायच्या पायऱ्या, आठ असतात), त्यावरून गाडी लोड घेऊन येतेय का रिकामी हे हे लोक सांगायचे. आता वर तारा आल्या, इलेक्ट्रिक इंजिन येतं ते जवळ येईपर्यंत कळत नाही, त्यामुळं गाडी येतेय का बघत उभ्या असलेल्या लुकआउटवाल्या माणसावर पूर्वीपेक्षा जास्त भिस्त असते. हे फोटोत कसं येणार मला माहीत नाही, पण अल्बम त्याचाच करायचाय.

ज्यांना आल्को म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही डिझाइन अमेरिकेतून १९६२ मध्ये आली, १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागली. मूळ कंपनी तिकडं १९६९ ला बंद झाली तरी आपल्याकडं त्याच घराण्यातली इंजिनं पुढं कितीतरी वर्षं बनत राहिली, २६०० हॉर्सपॉवरचं डब्ल्यूडीएम-२, मग ३१०० चं ३ए, ३३०० चं ३डी. सोळा सिलिंडर, आणि नॉच एकदम वाढवला की टर्बोला (इंजिनात जास्त हवा कोंबणारा भाग) वेग घ्यायला वेळ लागतो तेवढ्यात काळा धूर सोडणार. आमच्याकडं डब्ल्यूडीएम-२ आता बघायलाच मिळत नाही. ३डी मात्र अजून अधूनमधून दिसतं, खडीच्या गाडीला नाहीतर कामाच्या सामानाच्या गाडीला लावलेलं.

आता अडचणी. पहिली आणि सगळ्यात मोठी, उभं कुठं राहायचं. मागच्या महिन्यात गँग खडी पॅक करत होती (रुळाखाली ठोकून बसवत होती), मी बांध उतरून रुळाच्या कडेच्या पायवाटेवर गेलो, वाटलं आपल्याच वडलांच्या हाताखालची माणसं, काय होतंय. लुकआउटवाला माझ्याकडं बघून हात करायला लागला आणि मुकादम जोरात ओरडला, "तुज्याकडं बघू का गाडीकडं?" मी तसाच मागं फिरलो. घरी वडलांना सांगितलं तर ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांचं बरोबर होतं, त्या माणसाचं लक्ष एक क्षण हललं तर खाली वाकलेल्या आठ-दहा जणांचा जीव जातो. शिवाय परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हापासून फक्त बांध, फाटकाच्या बाहेरचा रस्ता आणि उड्डाणपूल, बाकी कुठं नाही.

पण लांबून काढलं की माणसं बारीक दिसतात. माझ्याकडं निकॉन डी५६०० आहे, १८-५५ आणि ७०-३०० लेन्स. ३०० वर काढलं की दुपारी रुळांवरची हवा थरथरते आणि सगळं पाण्यात पडल्यासारखं येतं. सकाळी साडेआठच्या आधी बरं येतं, पण ब्लॉक (गाड्या थांबवून रुळांच्या कामाला दिलेला वेळ) मिळतो तो बहुतेक वेळा दुपारचा. याला काही उपाय आहे का, का सरळ ढगाळ दिवसांची वाट बघायची?

दुसरं, नारिंगी जाकीट. गँगची जाकिटं उन्हात इतकी भडक येतात की चेहरे काळे पडतात, चेहऱ्यावर एक्स्पोजर घेतलं तर जाकीट पांढरं फटक होतं. इंजिनाचं उलटं, गडद रंग आणि मागं उजळ आभाळ, त्यात धुराचा नुसता डाग दिसतो, त्याचे थर दिसत नाहीत. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढून नंतर सुधारायचं म्हणजे नेमकं काय धरायचं, जाकीट का चेहरा?

तिसरं, टँपिंग मशीन. ते पिवळं धूड रूळ उचलून धरतं आणि त्याचे दात खडीत घुसून स्लीपरखाली खडी दाबतात. शटर १/१००० सेकंदाला ठेवून काढलं तर मशीन बंद उभं आहे असं वाटतं, १/३० ला दात छान हललेले येतात पण लांबच्या लेन्सनं सगळंच हलतं. ट्रायपॉड बांधावर लावतो. मधला कुठला स्पीड जमतो, कुणी काढलेत का असे?

चौथं, माणसं कॅमेरा बघितला की काम थांबवून ओळीत उभी राहतात. ते फोटो मी काढतो आणि छापून नेऊनही देतो, त्यांना आवडतात. पण मला वाकलेली पाठ, खडी ठोकायचा बीटर धरलेला हात, दुपारी झाडाखाली सोडलेल्या भाकरी हव्यात. ओळख वाढवणं सोडून दुसरा काही मार्ग?

आणि शेवटचं, पुणे विभागाच्या जनसंपर्क कार्यालयाकडं स्वतःच्या घरगुती अल्बमसाठी अर्ज केला तर परवानगी देतात का, कुणी प्रत्यक्ष केलाय का? अर्जात काय लिहिलं ते सांगितलंत तर फार मदत होईल. ऐकीव नको, अनुभव हवाय.

थोडी भर: दोघांनी व्यनितून (खासगी निरोपातून) विचारलं की खडीची गाडी कधी येते ते सांग, आम्हीपण येतो. तिचं वेळापत्रक नसतं, आणि ब्लॉकच्या वेळा मला ओळखीतून कळतात त्या मी इथं लिहिणार नाही, राग मानू नका. बांधावर मात्र कधीही या, चहा घरचा. वडील खुर्ची टाकून बाहेरच बसलेले असतात. परवा ३डी वर चढत होतं तेव्हा मी व्ह्यूफाइंडरमध्ये शोधत होतो, ते डोळे मिटून बसल्या जागेवरून म्हणाले, "सहावा नॉच हाय, थांब, वळणावर आठवा टाकंल, तवा काढ." तसंच झालं, धूर तिथंच आला. तो फोटो वरच्या अडचणींसकट खाली टाकतोय, कडक शब्दांत चुका सांगा.