किल्लारीनंतर भूकंपक्षेत्रांचा नकाशा बदलला, मग आजच्या नकाशावर विश्वास का ठेवावा?

विज्ञान शिक्षक, औसा:
नववीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले की, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारी परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता आणि २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात दाखवला, तर आजचाही नकाशा चुकीचा ठरणार नाही कशावरून? ‘विज्ञान बदलत असते’ हे उत्तर मला अपुरे वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

भूशास्त्र प्राध्यापिका, छत्रपती संभाजीनगर:
सर, जुना नकाशा कशावरून काढला होता ते तिला आधी सांगा. पूर्वीच्या भूकंपांच्या नोंदी हा त्याचा मोठा आधार होता. दख्खनच्या पठारावर मोठ्या भूकंपांच्या नोंदी फारशा नव्हत्या, आणि नोंद नाही म्हणजे धोका नाही, असे धरले गेले. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल विवर खणले, तेव्हा लाव्हाचे थर एकाच भ्रंशावर (खडकांतील भेगेवर) काही मीटर सरकलेले आढळले. एका धक्क्याने एवढे सरकणे कठीण. म्हणजे तेथे पूर्वीही भूकंप झाले होते, त्यांची नोंद ठेवायला मात्र कोणी नव्हते.

स्थापत्य अभियंता, उमरगा:
मॅडम, भूकंप १९९३ चा आणि सुधारित नकाशा २००२ चा. आमच्याकडे याला बैल गेला अन् झोपा केला म्हणतात. शिवाय माणसे दगावली ती मुख्यतः दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर्षानुवर्षे माती टाकून जड झालेली माळवदे कोसळल्याने. क्षेत्र तिसरे दाखवले असते, तरी ती घरे कोणत्या मानकानुसार बांधली जाणार होती?

भूशास्त्र प्राध्यापिका:
घरांविषयीचे आपले म्हणणे पूर्ण मान्य, आणि विलंबाचेही समर्थन करता येणार नाही. तथापि, ठिगळ लावणे आणि गृहीतक बदलणे यांत फरक आहे. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर १९७० मध्ये कोयना परिसर वरच्या क्षेत्रात नेला गेला, पण तो धक्का जलाशयाशी जोडला गेल्याने उरलेले पठार स्थिर असल्याची समजूत बऱ्याच अंशी टिकली. २००२ मध्ये मात्र केवळ लातूरचे क्षेत्र बदलून न थांबता देशभरातील पहिले क्षेत्रच रद्द करून दुसऱ्यात विलीन करण्यात आले. जवळजवळ निर्धोक अशी जमीन नकाशावर दाखवायचीच नाही, असा त्याचा अर्थ होता. विद्यार्थिनीच्या शंकेला माझे उत्तर हेच.

विज्ञान शिक्षक, औसा:
आभारी आहे. किल्लारीच्या भूकंपाला माकणीचे निम्न तेरणा धरण कारणीभूत होते, असे गावोगाव बोलले जाते. त्याचे काय?

भूशास्त्र प्राध्यापिका:
काही संशोधकांनीही तसे सुचवले होते, त्यामुळे ती निव्वळ अफवा नव्हे. परंतु कोयनेत पाण्याच्या पातळीबरोबर लहान धक्क्यांची संख्या वर्षानुवर्षे बदलत राहिली. किल्लारीत तशी साखळी दिसली नाही आणि जलाशयही तुलनेने लहान आहे. त्यामुळे तो खुलासा सर्वमान्य झालेला नाही.